सेरिफॉसहून न आलेला दगड

शेवंता,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. तू परत येऊन तीन महिने झाले. या तीन महिन्यांत ग्रीसची गोष्ट तू मोहन नगरातल्या घराघरांत सांगितलीस आणि दर वेळी निराळी सांगितलीस. मैनाबाईच्या घरी समुद्र निळा होता, बँकेतल्या सीमाकडे पोचेपर्यंत तो हिरवा झाला. म्हणून म्हटलं, कोणीतरी एकदा ती नीट लिहून काढावी. तुझ्याकडून विचारून घेतलं, अनुजाकडूनही घेतलं, आणि दोघींचं जिथे जुळलं नाही तिथे तुझ्या मुलीचं खरं धरलं. राग मानू नकोस. तुला पुढ्यात ठेवून लिहायला गेले तर वाक्यावाक्याला अडवशील, म्हणून एखाद्या तिसऱ्या बाईची सांगावी तशी सांगते.

मी तुला निघताना एक काम सांगितलं होतं, लॅबमध्ये असताना सांगायची तसंच. त्या बेटावरच्या खाणीतला मुठीएवढा दगड आण, लोखंड किती टक्के असेल तो तुझा अंदाज पिशवीच्या चिठ्ठीवर लिही, खरा आकडा गीतांजली लॅबमधून काढून देईल. इतकं साधं काम. त्याचं काय झालं ते शेवटी येईलच.

तुझी,
वसुंधरा

*

शेवंता कापगते मूळची साकोलीकडची. नवरा दयाराम पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला होता. १९८९ साली काविळीनं तो गेला तेव्हा शेवंता सव्वीस वर्षांची होती आणि अनुजा दोनाची. दहावी झालेली होती म्हणून अनुकंपेवर नोकरी मिळाली, खनिजाचे नमुने काढायच्या विभागात. पहिल्या दिवशी ती नवीन पातळ नेसून गेली आणि संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत तांबडी होऊन क्वार्टरवर आली. शेजारणींनी विचारलं, होळी खेळून आलीस का. दुसऱ्या दिवसापासून तिनं दयारामचा जुना सदरा पातळावर चढवला, तो चौतीस वर्षं उतरवला नाही. फाटला की तसाच दुसरा.

काम सांगायला सोपं आहे. राजहऱ्याच्या खाणींतून खनिजाच्या वॅगन यायच्या. प्रत्येकीतून थोडा थोडा माल काढायचा, फोडायचा, शंकूसारखा ढीग करायचा. ढीग वरून थापटून त्याचे चार वाटे पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि उरलेले दोन मोठ्या ढिगावर परत टाकायचे. ठेवलेल्याचे पुन्हा चार वाटे. असं करत करत शेवटी मूठभर माल राहतो, तो लॅबमध्ये जातो, आणि त्यावरून अख्ख्या गाडीत लोखंड किती टक्के ते ठरतं. नमुन्याला जे लागत नाही ते परत टाकायचं, यात कधी सूट नाही. त्या विभागात कोणी दगड खिशात घातला नाही की घरी शोकेसमध्ये ठेवला नाही. पाहिला, काम झालं, ढिगावर परत.

या कामात शेवंताचा हात बसला, आणि असा बसला की लोक बघायला यायचे. दगड उजव्या हातात घ्यायची, दोनदा वर उडवून झेलायची आणि आकडा सांगायची. त्रेसष्ट. साडेचौसष्ट. हा भंगार हाय, पन्नासच्या आत. संध्याकाळी लॅबचा कागद आला की मिळवून बघायचे. एका टक्क्याहून जास्त चुकलं तर समोसे तिच्याकडून, नाहीतर समोरच्याकडून. नवीन आलेला प्रत्येक साहेब एकदा तरी समोसे चारून गेला. विचारलं की कसं कळतं, तर म्हणायची, "मले नाही मालूम. हाताले मालूम हाय."

२०२३ साली ती रिटायर झाली, क्वार्टर सोडलं, मोहन नगरात दोन खोल्या घेतल्या. पुढच्याच थंडीत उजव्या अंगावरून वारं गेलं. लवकर दवाखान्यात पोचली म्हणून पाय वाचला, बोलणं वाचलं; बोलण्याबद्दल तर कोणाला शंकाच नव्हती. हातही हलायचा. पण त्याला काही कळेनासं झालं. कप गरम आहे की गार, हातात रुमाल आहे की पोळी, डोळ्यांनी बघितल्याशिवाय पत्ता नाही. व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, तो तिनं दिवाणाखाली ढकलून दिला आणि उजवा हात पदराखाली ठेवायची सवय लावून घेतली. सही डाव्यानं, जेवण डाव्यानं, चमच्यानं.

लोकांना वाटलं, सावरली. एक दिवस तिच्या हाताखाली शिकलेली गीतांजली भेटायला आली आणि येताना गंमत म्हणून एक दगड घेऊन आली. मॅडम, सांगा बघू. शेवंतानं तो उजव्या हातात घेतला, दोनदा उडवला, दुसऱ्यांदा तो फरशीवर पडला. तिनं वाकून बघितलं नाही. चहा टाकते म्हणून आत गेली आणि चहा उकळून उकळून आटेपर्यंत बाहेर आली नाही. गीतांजली दगड उचलून घेऊन गेली. त्यानंतर शेवंतानं समोशाची गोष्ट कोणाला सांगितली नाही. तिच्या बोलण्यातून ती गोष्ट गेली हे ज्यांना कळलं, त्यांना काय ते कळलं.

अनुजा दोन वर्षांपासून अथेन्सला आहे, जहाजांच्या एका कंपनीच्या ऑफिसात. आईला बोलवायचं तिनं पक्कं केलं आणि फोनवर दहा बेटांचे फोटो पाठवले. एक निवड, आपण दोन दिवस जाऊ. अनुजाच्या मनात होतं ते सांतोरिनी, जिथे सगळे जातात. शेवंतानं पांढरी घरं बघितली, निळे घुमट बघितले, ठीक आहे म्हणत पुढे सरकवले. नवव्या फोटोवर थांबली. निळ्याशार पाण्यावर गंजलेला लोखंडी पूल पुढे आला होता आणि मधेच हवेत संपला होता. काठावर रुळांचे तुकडे, त्यावर उलटी पडलेली छोटी वॅगन.

"हे कोणतं हाय?"

सेरिफॉस, अनुजा म्हणाली. तिथं पूर्वी लोखंडाच्या खाणी होत्या, त्या पुलावरून माल जहाजात पडायचा, आता बंद आहे, बघण्यासारखं विशेष काही नाही. शेवंता म्हणाली, "हेच."

विमानातून उतरली ती अशी: अंगावर पातळ, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि पिशवीत दोन किलो ठेठरी, बेसनाची घरी तळलेली. सोबत वसुंधरामावशीची प्लास्टिकची पिशवी, तिला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि नमुना घेणाऱ्याचं नाव तिनं डाव्या हातानं वेड्यावाकड्या अक्षरांत आधीच लिहून ठेवलं होतं. टक्क्याची जागा तेवढी कोरी.

अनुजानं दोन दिवसांचं वेळापत्रक कागदावर काढलं होतं, मिनिटांसकट. पहिला दिवस: बोट, बंदर, वरचं जुनं गाव, पवनचक्क्या, सूर्यास्त. दुसरा: मठ, सोनेरी वाळूचा किनारा, जेवण, पाच वाजताची परतीची बोट. खाण सगळ्यात खाली, पुढे कंसात 'वेळ मिळाल्यास'. शेवंतानं ते कंस बघितले आणि काही बोलली नाही. हे तिच्या बाबतीत काळजीचं लक्षण असतं.

पण बोटीत चढली आणि सगळं विसरली. चार मजली बोट, पोटात ट्रक घेऊन निघालेली. ती आत बसायला तयार नाही. वाऱ्यानं पदर डोक्यावरून उडतोय, एका हातानं कठडा धरलाय, आणि जे बेट दिसेल त्याला हेच का, हेच का. तीनदा नाही म्हटल्यावर चौथ्यांदा खरंच तेच निघालं. उघडाबोडका तपकिरी डोंगर आणि त्याच्या शेंड्यावर कोणी चुन्याची बादली उपडी करावी तसं पांढरं गाव, भिंतीभिंतीवरून खाली ओघळलेलं.

त्या गावाला पायऱ्या किती विचारू नये. गाडी अर्ध्यापर्यंत जाते, पुढे पाय. अनुजानं म्हटलं, आपण खालच्या चौकातूनच बघू. शेवंता तोवर दहा पायऱ्या वर होती. फरशीच्या प्रत्येक दगडाभोवती चुन्याची पांढरी रेघ ओढलेली, दारं निळी, दारात मांजरं. इतका चुना वर्षातून कितीदा लावतात, कोण लावतं, सरकार लावतं की घरचे, हे तिनं एका दारातल्या आजीला मराठीतच विचारलं. आजीनं ग्रीकमध्ये काहीतरी उत्तर दिलं, हातानं ब्रश फिरवून दाखवला आणि तीन बोटं दाखवली. शेवंता अनुजाला म्हणाली, "पाह्य, समजलं. तीनदा. घरचेच लावतात."

अगदी टोकाला एक पांढरं चिमुकलं चर्च. तिथून चारी बाजूंना समुद्र, खाली बंदर खेळण्यातल्यासारखं, दूर दुसरी बेटं. वाऱ्यानं उभं राहू देईना. अनुजानं तिला पुराणातली गोष्ट सांगितली: एका वीरानं एका राक्षसिणीचं मुंडकं कापून याच बेटावर आणलं; ते जो बघेल तो दगड होऊन जाई, इथला दुष्ट राजा आणि त्याचा दरबार असाच दगड झाला. शेवंतानं डोंगराकडे बघितलं. म्हणाली, दरबार मोठा असला पाहिजे.

पवनचक्क्या झाल्या, सूर्यास्त झाला. मातीच्या भांड्यात रात्रभर भट्टीत शिजवलेले हरभरे खाल्ले. ते तिला इतके आवडले की तिनं स्वयंपाकघरात शिरून भांडं बघितलं. अनुजा सारखी पुढे हात करायची, हे धर, ते सांभाळ, आणि जे द्यायचं ते आईच्या डाव्या हातात द्यायची: पाण्याची बाटली, तिकीट, ब्रेडचा तुकडा. गेलं दीड वर्ष फोनवरूनही ती हेच सांगत होती, उजव्यावर भार नको. काळजीपोटीच, पण उजवा हातही आहे हे सगळे विसरत चालले होते. शेवंतासुद्धा.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी ठरवली. चालवणारी साठीची बाई, केस कापलेले, खिडकीतून एक हात बाहेर, वळणावर ब्रेक लावणं कमीपणाचं समजणारी. शेवंताला ती पहिल्या वळणावरच आवडली. तिनं ठेठरी पुढे केली. बाईनं एक खाल्ली, मग डबाच आपल्या मांडीवर घेतला.

मठ बघितला. बाहेरून किल्ल्यासारखा, पांढऱ्या भिंतींचा, आत काळवंडलेली सोनेरी चित्रं आणि एकच म्हातारा साधू, त्यानं त्यांना वाटीत गोड काहीतरी दिलं. तिथेच साडेअकरा झाले. मग गाडी किनाऱ्याकडे वळली. वाळू खरंच सोन्यासारखी, पाणी काचेसारखं, लोक छत्र्यांखाली पडलेले. अनुजा उतरली. शेवंता उतरली नाही.

अनुजानं समजावलं. तिथे चढ आहे, सगळी खडी आहे, सावली नाही, बंद पडलेली जागा आहे. "तेरा पैर फिसला तो मैं क्या करूँ, आई? इथे दवाखाना पण धड नाही. डॉक्टर काय म्हणाले विसरलीस?"

"तू मले समुद्र दाखवून राहिली," शेवंता म्हणाली. "चांगला हाय. लय चांगला हाय. पण मी इतक्या दूर काहून आली, हे तुले मालूम हाय का नाही?"

अनुजाला माहीत होतं. गीतांजलीनं तिला दगडाची गोष्ट फोनवर सांगितली होती, फरशीवर पडलेल्या दगडाची. तिला भीती चढाची नव्हतीच. आई इतक्या लांब येईल, दगड हातात घेईल आणि पुन्हा काहीच कळणार नाही, ही होती. ते तिच्यानं बोलवलं नाही. ती परत गाडीत बसली. टॅक्सीवाली बाई दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. भांडणाची भाषा तिला अनुवादाशिवाय समजली असावी. तिनं विचारलंही नाही कुठे. बेटाच्या दुसऱ्या टोकाला गाडी सोडली.

शेवटचं वळण घेतलं आणि शेवंतानं समोरच्या सीटवर डाव्या हातानं थाप मारली. डोंगराचा रंग बदलला होता. तपकिरी गेलं, तांबडं आलं. राजहऱ्याचं तांबडं, पातळातून कधी न निघणारं. खाली छोटी खाडी, झाडांच्या सावलीत दोनच खानावळी, एक मोडकळीला आलेली देखणी इमारत, पूर्वीच्या कंपनीचं ऑफिस. आणि पाण्यावर तो पूल, फोटोतला, हवेत संपलेला.

गाडी थांबायच्या आत तिनं दार उघडलं. रूळ बघितले, रुळांची रुंदी पावलांनी मोजली. उलट्या वॅगनच्या चाकाला लाथ मारून बघितली. पुलाखाली उभी राहून वर बघत अनुजाला समजावलं की माल कुठून यायचा, कुठून घसरायचा, जहाज कुठे लागायचं, जसं काही तीच इथं ड्यूटीला होती. जवळ एक स्मारक होतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या कामगारांनी संप केला, गोळीबार झाला, त्यात चार जण मेले. अनुजानं पाटी वाचून सांगितली. शेवंतानं पदर डोक्यावरून घेतला. मग म्हणाली, "ढीग कुठं हाय?"

ढीग वर होता. खाणीच्या तोंडाशी, जुन्या टाकलेल्या मालाचा उतार. अनुजानं दंड धरला, टॅक्सीवाली मागून आली, ठेठरी खात. पंधरा मिनिटांत तिघी वर पोचल्या. शेवंतानं पदर खोचला, खाली बसली, आणि डाव्या हातानं एक दगड उचलला.

दोनदा उडवला. झेलला. काही नाही.

दुसरा उचलला. जड आहे इतकं कळलं, ते कोणालाही कळतं. तिसरा. चौथा. डाव्या हाताला चौतीस वर्षांत कोणी काही शिकवलंच नव्हतं. त्यानं ढीग थापटला होता, फावडं धरलं होतं. आकडा त्याला कधी विचारला नव्हता. शेवंता एकेक दगड बाजूला ठेवत गेली. आठ झाले, नऊ झाले. अनुजा समुद्राकडे तोंड करून उभी राहिली, कारण आईचं तोंड बघणं तिला शक्य नव्हतं. खाली पाणी इतकं चमकत होतं की तेही बघवत नव्हतं.

टॅक्सीवालीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला दिसत होतं ते इतकंच, की ही पातळवाली बाई चुकीच्या जागी बसून फालतू दगड निवडते आहे. तिचा आजा याच खाणीत होता, हे तिनं नंतर सांगितलं. तिनं दोन पावलं पलीकडे जाऊन खालचा एक काळपट दगड उपटला, परत आली आणि शेवंताच्या ज्या बाजूला उभी होती त्या बाजूच्या हातात खुपसला. ती बाजू उजवी होती.

शेवंतानं पकडला. दोनदा उडवला.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली. "फार तर साठ. पण यात गंधक हाय, जळेल तवा वास मारेल."

आणि दगड भिरकावून दिला. उतारावर, ढिगावर, खूप खाली. दोन उड्या घेऊन तो बाकीच्या लाख दगडांत मिसळला. मग तिनं हात पुढे केला, पुढचा नमुना घ्यायला, जसा चौतीस वर्षं करायची तसा. पुढे आला तो एरवी पदराखाली असणारा हात.

अनुजा वळली ती आकडा ऐकून. तिनं हळूच विचारलं, "आई, तू कोणत्या हातानं फेकलास?"

शेवंतानं खाली बघितलं. उजवा तळवा तांबडा झाला होता, बोटांच्या पेरांपर्यंत. तिनं बोटं मिटली, उघडली. दुसरा दगड मागितला. टॅक्सीवालीनं दिला. त्रेपन्न. तिसरा. पुन्हा अठ्ठावन्न, त्याच थरातला असेल. एक हातातून निसटला, त्यावर ती स्वतःच हसली. आता तिला कोणी थांबवू शकत नव्हतं. टॅक्सीवाली दगड आणतेय, शेवंता आकडा सांगतेय, टॅक्सीवाली ग्रीकमध्ये तो आकडा तसाच म्हणायचा प्रयत्न करतेय, अनुजा एकीकडे हसतेय आणि एकीकडे रडतेय. अठ्ठावन्न ग्रीक जिभेवर काही बसेना. प्रत्येक दगड पाहून झाला की उतारावर परत.

चार वाजता अनुजानं घड्याळ बघितलं आणि किंचाळली. उतरताना शेवंतानं दंड धरू दिला नाही. टॅक्सीवालीनं ब्रेकचा कमीपणा त्या दिवशी एकदाही पत्करला नाही आणि बोट सुटायला तीन मिनिटं असताना त्यांना बंदरावर उतरवलं. डबा परत दिला, रिकामा. शेवंतानं तिच्या दोन्ही गालांवर तांबडे हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. ती बाई तसल्याच रंगलेल्या तोंडानं गाडी घेऊन परत गेली.

बोट सुटली. गाव पुन्हा चुन्याच्या बादलीएवढं झालं. कठड्याला टेकून अनुजानं विचारलं, वसुंधरामावशीचा दगड कोणत्या पिशवीत ठेवलास.

शेवंतानं पिशवी काढली. सुतळी, चिठ्ठी, चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नाव. आत काही नाही. तिनं बेटाकडे बघितलं, मग पिशवीकडे.

"पाहून झाला होता ना," ती म्हणाली. "मंग ढिगावर टाकला."

*

तर शेवंता, अशी ही गोष्ट आहे. आता समुद्राचा रंग तू काहीही सांग.

पिशवी तू मला आणून दिलीस, वर बजावलंस की रागावू नका. मी रागावलेच होते, दोन दिवस. एक दगड सांगितला होता, तोही मिळाला नाही. मग पिशवी पुन्हा काढून बघितली. चिठ्ठीवरचं नाव डाव्या हातानं लिहिलेलं आहे, एकही अक्षर सरळ नाही. टक्क्याच्या जागी आकडा आहे: अठ्ठावन्न. तो तू बोटीवर लिहिलास, अनुजा म्हणते. अक्षर थरथरलेलं आहे, पण वळण ओळखीचं आहे. तुझ्या चौतीस वर्षांच्या रजिस्टरातलं.

गीतांजली दर आठवड्याला विचारते, मॅडमचा नमुना कधी येतोय. ती म्हणते तू एकाहून जास्त चुकली असशील. मी म्हणते नाही. समोशाची पैज लागली आहे आणि ठरवायला दगड नाही. मी अजून तिला सांगितलेलं नाही की तो कुठे आहे.